विरंगुळा म्हणे!

बाईच्या हातात क्रोशाची सुई आणि मांडीवर लोकरीचा गुंडा दिसला, की पाहणाऱ्याच्या तोंडून एक वाक्य बाहेर पडल्यावाचून राहत नाही : 'वा! छान विरंगुळा आहे.' पुरुषाच्या हातात पाना-पक्कड दिसली तर कोणी असे म्हणत नाही. तो पंखा दुरुस्त करतो, म्हणजे काम करतो. बाई स्वेटर विणते, म्हणजे वेळ घालवते. दोघांनीही हात वापरले, दोघांनाही ते काम कधीतरी कोणीतरी शिकवले होते, दोघांनीही घरच्याच माणसांची सोय पाहिली. तरी एकाच्या वाट्याला 'काम' हा शब्द येतो आणि दुसरीच्या वाट्याला 'विरंगुळा'. माझे भांडण या शब्दाशी आहे. शब्द वरून गोड दिसतो म्हणून त्याला आजवर कोणी हटकले नाही. परंतु पुष्कळ अन्याय असेच गोड शब्द पांघरून घरात वावरत असतात, आणि दिवाळीच्या साफसफाईत तेही एकदा उन्हात काढावेत, असे मला वाटते.

भांडण हवेत नको, म्हणून सध्या माझ्या हातात असलेल्या स्वेटरचेच उदाहरण घेते. स्वेटर पुतण्यासाठी आहे. आम्ही अंबरनाथ पूर्वेला, आनंदनगरच्या बाजूला राहतो. पुतण्या बदलापूरला राहतो आणि आमच्या आनंदनगर औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात पहिल्या पाळीला येतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटे मोटारसायकलवरून तो निघतो तेव्हा उजाडलेले नसते. मुंबईकर मंडळी हसतात. म्हणतात, 'तुमच्याकडे कसली आली आहे थंडी?' त्यांना समुद्राची ऊब फुकट मिळते, म्हणून हा प्रश्न सुचतो. कुलाब्याला समुद्र रात्रीचा पारा फारसा उतरू देत नाही. आम्ही समुद्रापासून आत, माथेरानच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी. येथे रात्री जमीन लवकर निवते, आणि बदलापूर-कर्जतच्या बाजूला पहाटेचा पारा कुलाब्यापेक्षा कितीतरी अंश खाली असतो. त्यात गाडीचा वेग आणि अंगावर येणारा वारा. कारखान्याच्या दारात स्वेटर उतरवून ठेवायचा आणि दुपारी घरी जाताना डिकीत टाकायचा, एवढाच त्याचा उपयोग. पण तो अर्ध्या तासाचा उपयोग खरा आहे. 'काकू, छातीत वारा शिरतो,' असे तो म्हणाला आणि मी सुई हातात घेतली. यात काव्य काही नाही.

आता हिशेब. वाचकांनी कंटाळू नये, कारण माझा सारा वाद या हिशेबावरच उभा आहे. पुढचा भाग ८६ टाक्यांचा आणि ७९ ओळींचा, म्हणजे ६,७९४ टाके. पाठ तेवढीच. बाही वर रुंद आणि मनगटाशी अरुंद असते. सरासरी ६१ टाके आणि ६० ओळी धरल्या तर एका बाहीचे ३,६६० टाके, दोन्हींचे ७,३२०. एकूण बेरीज २०,९०८. गळ्याच्या उतारात काही कमी होतात, काठाच्या पट्ट्यांत तेवढेच वाढतात; तेव्हा एकवीस हजार म्हणू. टाका साधा, अर्ध्या खांबाचा आहे. दोऱ्याचा वेढा घ्यायचा, सुई खालच्या घरात घालायची, दोरा ओढून आणायचा, आणि सुईवरच्या तिन्ही फेऱ्यांतून पुन्हा दोरा काढायचा. मोजणे, ओळ फिरवणे, गुंडा सोडवणे हे सारे धरून मिनिटाला सात टाके पडतात. एकवीस हजार टाक्यांना तीन हजार मिनिटे, म्हणजे पन्नास तास. भाग जोडणे, दोऱ्यांची टोके आत घेणे, पुतण्याला उभे करून मापे पाहणे यांचे दहा तास. एकूण साठ. लोकर सातशे ग्रॅम. शंभर ग्रॅमची लड नव्वद रुपयांना, म्हणजे ६३० रुपये.

साठ तासांची किंमत काय धरायची? मी कारागिराचा भाव मागत नाही. या महाराष्ट्रानेच देशाला दिलेले माप घेते. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून येथे रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ साली तिचा कायदा झाला, आणि पुढे तीच कल्पना साऱ्या देशाने उचलली. खडी फोडणारा पुरुष असो की माती वाहणारी बाई, मजुरीचा दर एक, हे त्या योजनेचे मोठे तत्त्व. २०२४-२५ साली केंद्राच्या रोजगार हमी योजनेत महाराष्ट्राचा दर दिवसाला २९७ रुपये होता. आठ तासांचा दिवस धरला तर साठ तास म्हणजे साडेसात दिवस. त्यांची मजुरी २,२२७ रुपये ५० पैसे. त्यात लोकरीचे ६३० मिळवा. कसलेही कौशल्य न धरता, केवळ अंगमेहनतीच्या सरकारी दराने या स्वेटरची किंमत २,८५७ रुपये ५० पैसे होते.

हा आकडा मी बोलून दाखवला की तीन प्रकारची माणसे तीन दिशांनी माझ्यावर चालून येतात. त्यांना मी हिशेबी, हळवे आणि पुरोगामी अशी नावे ठेवली आहेत. तिघांनाही उत्तर देणे भाग आहे.

हिशेबी माणूस म्हणतो, 'अहो, कल्याणच्या बाजारात पाचशे रुपयांत स्वेटर मिळतो. हा उपद्व्याप कशाला?' त्याचे म्हणणे खोटे नाही. लुधियानाच्या यंत्रांवर लाखो स्वेटर निघतात, तिबेटी निर्वासित कुटुंबे दर हिवाळ्यात ते गावोगाव विकायला आणतात, आणि गोरगरिबांच्या अंगावर त्यामुळे ऊब येते. यंत्राशी माझे वैर नाही. दोन सुयांवरच्या विणकामाचे यंत्र तर फार जुने आहे. इंग्लंडात विल्यम ली याने १५८९ साली पायमोजे विणणारी चौकट बनवली. त्या विणकामात एका ओळीचे सारे टाके सुईवर एकदम जिवंत असतात. म्हणून यंत्राला शेकडो सुया एका रांगेत लावून ओळीच्या ओळी भराभर काढता येतात.

परंतु क्रोशाची जात निराळी. येथे सुई एक आणि जिवंत टाकाही एकच. तो पुरा झाल्यावाचून पुढचा सुरू होत नाही, आणि पुढचा टाका कापडाच्या कोणत्याही घरातून, कोणत्याही दिशेने उचलता येतो. ही मोकळीक हाताला सोपी आणि यंत्राला अवघड. प्रयोगशाळांत खटपटी चालू आहेत. पण कारखान्यात मोठ्या प्रमाणावर खरा क्रोशा विणून देणारे यंत्र आजवर चालू झालेले नाही. यंत्रावरची जी जाळीदार पट्टी क्रोशाच्या नावाने विकली जाते, तिची वीण वेगळी असते. फक्त दिसायला ती क्रोशासारखी दिसते. याचा अर्थ हिशेबी माणसाने नीट ध्यानात घ्यावा. चकचकीत दुकानात चारशे-पाचशे रुपयांना खऱ्या क्रोशाचा झगा किंवा पिशवी टांगलेली दिसली, तर ती यंत्राने स्वस्त केलेली नाही. तिचा प्रत्येक टाका कोणाच्या तरी बोटांनी घातलेला आहे. मग स्वस्ताई आली कोठून? ती त्या बोटांच्या तासांतून कापून घेतलेली आहे.

हे नुसते तर्कट नव्हे. आंध्रातील पश्चिम गोदावरी भागात नरसापूर म्हणून गाव आहे. तेथे एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी बायकांना क्रोशाची जाळी शिकवली, आणि पुढे ती जाळी परदेशी बाजारांत जाऊ लागली. मारिया मीस या जर्मन अभ्यासक बाईंनी त्या बायकांवर लिहिलेले पुस्तक १९८२ साली प्रसिद्ध झाले. त्यांना दिसले ते असे, की हजारो बायका दिवसाचे कित्येक तास जाळी विणतात, व्यापारी आणि निर्यातदार त्यावर श्रीमंत होतात, आणि तरीही सारे गाव त्या बायकांना 'घरी बसून फावला वेळ घालवणाऱ्या गृहिणी' समजते. फावल्या वेळाला मजुरी कशी द्यायची? एकदा 'फावला' म्हटले की मजुरी देण्याचा प्रश्नच मिटतो. 'विरंगुळा' हा शब्द निरुपद्रवी नाही, असे मी म्हणते ते यासाठी. तो शब्द दर ठरवतो.

मला स्वतःला तो दर एकदा ऐकायला मिळाला आहे. हस्तकलेची प्रदर्शने भरवणाऱ्या एक बाई घरी आल्या होत्या. स्वेटरची वीण त्यांनी उलटसुलट करून पाहिली, मनापासून वाखाणली, आणि असे दहा नग करून द्या म्हणाल्या. नगाला आठशे रुपये. मी विचारले, 'लोकर तुमची?' त्या म्हणाल्या, 'लोकर तुमचीच हो ताई. पण तुम्हाला काय, घरबसल्या होतंय!' आठशेतून लोकरीचे ६३० वजा केले की १७० उरतात. साठ तासांनी भागा. तासाला तीन रुपयेसुद्धा पडत नाहीत. त्यांना चहा दिला आणि नाही म्हणून सांगितले. त्यांना दुसरी कोणी मिळाली असेल, याबद्दल मला शंका नाही.

'घरबसल्या' हा शब्दही तपासून पाहण्यासारखा आहे. आमच्या शेजारचे उल्हासनगर या शब्दावर जगलेले शहर आहे. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित येऊन राहिले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते कल्याण कॅम्पचे उल्हासनगर झाले. सर्वस्व गमावून आलेल्या त्या संसारांना सावरताना बराकींतल्या बायकांनी पापड लाटले, शिवणकाम केले. शहराच्या इतिहासात दुकानदारांची आणि कारखानदारांची धडाडी सांगितली जाते, आणि ती खरीच आहे. पण त्या पोळपाटाचा उल्लेख ओझरता होतो. आज तेच शहर जीन्सच्या धंद्यासाठी प्रसिद्ध आहे. आमच्या बाजूच्या चाळींत दुपारी डोकावून पाहावे : शिवून आलेल्या विजारींचा ढीग पुढ्यात घेऊन बायका सुटलेले दोरे कापीत बसलेल्या असतात. पैसे नगावर. वीज त्यांची, जागा त्यांची, पाठदुखी त्यांची. पंखा, दिवा आणि छप्पर यांचा खर्च कारखान्याच्या खात्यावरून उतरून त्यांच्या खोलीत येऊन बसला, याला आपण 'घरबसल्या सोय' म्हणतो! सोय झाली खरी, पण कोणाची? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली घरातून काम करणाऱ्यांसाठी १७७ क्रमांकाचा करार केला, आणि इतर मजुरांना मिळणारी वागणूक त्यांनाही मिळावी असे त्यात लिहिले. भारताने त्या कराराला मान्यता दिलेली नाही.

आता हळवे लोक. यांचा राग हिशेबी माणसापेक्षा अधिक असतो, कारण मी पावित्र्यभंग केला असे त्यांना वाटते. 'टाक्याटाक्यात माया असते. मायेचे का कोणी तास मोजतो?' असे ते म्हणतात, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी येते. हे पाणी खरे असते, म्हणूनच त्यांच्याशी वाद घालणे कठीण जाते.

मी त्यांना एवढेच विचारते : आपल्या घरात आहेराची वही आहे की नाही? लग्नात कोणी किती पाकीट दिले, कोणी साडी दिली, कोणी भांडे दिले, हे त्या वहीत सुवाच्य अक्षरात लिहिलेले असते. पुढे त्यांच्या घरचे कार्य निघाले की ती वही कपाटातून बाहेर येते आणि त्या मानाने परतफेड होते. त्या वहीमुळे कोणाची माया आटली असे कधी ऐकले नाही. उलट कोणाचा आहेर लिहायचा राहिला तर जन्माची अढी बसते. भाऊबीजेच्या तबकात पडलेली नोट मोजली जाते. बाप मुलाला सुनावतो, 'तुझ्या शिक्षणावर मी एवढे लाख खर्च केले'. त्याला कोणी म्हणत नाही, की वात्सल्याचा हिशेब काय मांडता! पैशाच्या रूपाने दिलेली माया मोजायला हरकत नाही. हरकत येते ती तासांच्या रूपाने दिलेल्या मायेला. आणि आपल्या घरांत पैसे बहुधा एकाने दिलेले असतात आणि तास दुसरीने. मायेला मोजू नये हा नियम सर्वांना सारखा लागू असता, तर मी तो आनंदाने पाळला असता.

दुसरे असे, की मोजल्याने माया कमी होते हे खरेच नाही. माझ्या पुतण्याला मी साठ तास सांगितले, तेव्हा तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, 'म्हणजे साडेसात पाळ्या झाल्या, काकू.' त्याला पाळी म्हणजे काय ते ठाऊक आहे. आठ तास उभे राहिल्यावर पोटऱ्यांचे काय होते ते ठाऊक आहे. 'प्रेमाने विणला' या शब्दांनी त्याला जे कळले नसते, ते या आकड्याने कळले. दिलेल्या वस्तूचे मोल घेणाऱ्याला न कळू देणे यात थोरवी कसली?

हळव्यांच्या या मायेला बाजारभाव कधी येतो, तेही इतिहासाला ठाऊक आहे. ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनने आक्रमण केले. हिमालयाच्या बर्फात आपल्या जवानांच्या अंगावर पुरेसे गरम कपडे नव्हते. देशभर हाक गेली, आणि घराघरांतून, शाळाशाळांतून बायका-मुली जवानांसाठी स्वेटर, मोजे, मफलर विणू लागल्या. नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे आपण अभिमानाने म्हणालो. त्या धावण्यात या सुयाही होत्या. तेव्हा कोणी त्याला विरंगुळा म्हटले नाही, राष्ट्रकार्य म्हटले. गोळीबार थांबला, आणि तीच बाई, तीच सुई, तोच टाका पुन्हा 'टाइमपास' झाला. काम बदलले नव्हते. गरज कोणाची आहे, एवढेच बदलले होते.

तिसरे पुरोगामी. यांच्याविषयी मला आदर आहे, कारण त्यांच्या रागामागे खरा इतिहास आहे. ते म्हणतात, 'बाईच्या हातात पुस्तक येऊ नये म्हणून सुई दिली गेली. तुम्ही तिचे गोडवे का गाता?' पुण्यात १८८४ साली मुलींचे हायस्कूल, आपली हुजूरपागा, निघाले, तेव्हा मुलींना इंग्रजी, गणित कशाला हवे, घरकाम आणि शिवणटिपण शिकवा, असा आग्रह धरणारी वजनदार मंडळी होतीच. सुई हे मुलींचे शिक्षण आखूड करण्याचे माप म्हणून वापरले गेले, हे मी मान्य करते. परंतु त्याच पुण्यात १९०९ साली रमाबाई रानड्यांनी सेवासदन उभे केले, आणि तेथे शिवणकाम व परिचारिकेचे शिक्षण विधवांना स्वतःच्या पायांवर उभे करण्यासाठी दिले गेले. सुई तीच होती. एके ठिकाणी ती सक्तीची आणि बिनपैशाची, दुसऱ्या ठिकाणी आपखुशीची आणि चार पैसे मिळवून देणारी. तेव्हा दोष सुईत नाही. सक्तीत आहे आणि बुडवलेल्या मजुरीत आहे.

आणि विणणे हे बायकीच काम आहे, हे पुरोगाम्यांनी कशावरून गृहीत धरले? युरोपात सोळाव्या-सतराव्या शतकांत विणकऱ्यांचे संघ पुरुषांचे होते. उमेदवारी करून, परीक्षा देऊन त्यांत प्रवेश मिळे. पेरू देशातील ताकिले बेटावर आजही पुरुष विणतात, आणि तेथील वस्त्रकलेला २००५ साली युनेस्कोने मानवजातीचा वारसा म्हणून गौरवले. लांब कशाला जा? आपल्या दख्खनच्या मेंढीची लोकर जाडीभरडी. तिचा अंगाला बसणारा स्वेटर होत नाही, पण घोंगडी होते. धनगरांनी मेंढ्या राखायच्या, सनगरांनी खड्ड्याच्या मागावर घोंगडी विणायची. मागावर बसलेल्या सनगराला 'छान विरंगुळा आहे' असे म्हणून पाहावे! तो धोटा थांबवून आपल्याकडे बघत राहील. ठाण्याला १९२५ पासून २००९ पर्यंत रेमंडची लोकरीची गिरणी चालली. त्या लोकरीला ज्यांचे हात लागले ते कामगार. त्यांना पगार होता, पाळीचा भोंगा होता, भविष्यनिर्वाह निधी होता. त्याच ठाणे जिल्ह्यात, त्याच रेल्वेमार्गावर, चार स्टेशने पुढे एखाद्या खोलीत बाईचा हात लोकरीला लागला की ती मात्र रिकामटेकडी.

या रिकामटेकडेपणाचे माप सरकारनेच घेतले आहे. २०१९ सालच्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरच्या बिनपगारी कामात गुंतलेल्या बाईचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटे गेल्याचे आढळले, आणि अशा कामाला हात लावणाऱ्या पुरुषाचे ९७. पाच वर्षांनी, २०२४ साली, पुन्हा मोजले तेव्हा बाईचे २८९ आणि पुरुषाचे ८८ झाले. दोघांचेही काम थोडे कमी झाले. मधले अंतर जवळजवळ होते तेथेच राहिले. राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याचे जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, त्यांतला एक विनोद तर ऐकण्यासारखा आहे. त्या नियमांप्रमाणे घरच्यासाठी घरी बनवलेली वस्तू उत्पादनात धरायला हरकत नाही, पण घरच्यासाठी केलेली सेवा धरायची नाही. म्हणजे माझा स्वेटर तत्त्वतः राष्ट्राचे उत्पादन ठरू शकतो. तो अंगात घालणाऱ्या पुतण्याला वाढलेली भाकरी मात्र ठरत नाही. न्यूझीलंडच्या मेरिलिन वेअरिंग यांनी या मोजणीचे पोकळपण १९८८ साली एका पुस्तकात जगापुढे मांडले. तरी आमच्याकडे खानेसुमारीचा माणूस दाराशी आला की घरातला कर्ता सांगतो, 'ही काही करत नाही.'

न्यायालयांनी मात्र बाईच्या कामाला आकडा लावला आहे. जमशेदपूरला १९८९ साली मोठी आग लागली. तीत पुष्कळ बायका-मुले गेली. त्या लता वाधवा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली गृहिणीच्या सेवेचे मोल महिन्याला तीन हजार रुपये धरले. पुढे जानेवारी २०२१ मध्ये एका मोटार अपघाताच्या खटल्यात न्यायालयाने पुन्हा बजावले, की गृहिणी काही करत नाही ही समजूतच चुकीची असून तिचे काल्पनिक उत्पन्न धरलेच पाहिजे. निकाल स्वागतार्ह आहेत. पण त्यांतली गोष्ट पुरोगाम्यांनी आणि हळव्यांनी मिळून वाचावी : हे मोल निघाले ते त्या बायका मेल्यानंतर, नुकसानभरपाईसाठी. जिवंतपणी त्याच कामाचा आकडा मी उच्चारला तर मी पैशाची लोभी, मायेला कलंक लावणारी! बाईच्या कामाची किंमत काढायला ती आधी मरावी लागते, ही व्यवस्था मला मान्य नाही.

कोणी म्हणेल, मग काय पुतण्याकडून पैसे घेणार? नाही. स्वेटर मी त्याला देणार आहे, आणि देणे म्हणजे काय हे मला चांगले कळते. ज्या वस्तूला किंमतच नाही ती देता येत नाही. ती नुसती टाकता येते. किंमत आहे आणि तरी मी घेत नाही, तेव्हा ते देणे होते. २,८५७ रुपयांची वस्तू दिली, असे म्हणण्याचा अधिकार मला हवा आहे. आपण 'जुन्या लोकरीचे काहीतरी केले हो' असे म्हणून हात झटकतो, आणि वर्षभरात तो स्वेटर मोटारसायकल पुसायला जातो. मग आपण रडतो. ते रडणे टाळायचे असेल तर देतानाच तोंड उघडले पाहिजे.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. विणणाऱ्या प्रत्येक बाईने एक वही घालावी आणि तीत तारीख, तास आणि लोकरीचा खर्च लिहावा. विकायचे असेल तर लोकर अधिक तास, यापेक्षा कमी भाव कोणालाही सांगू नये. ओळखीचे असले तरी, 'ताई' म्हटले तरी. एकीने तासाला तीन रुपये पत्करले की शेजारणीचाही भाव तोच ठरतो, म्हणून हे नाही म्हणणे केवळ स्वतःपुरते नसते. द्यायचे असेल तर घेणाऱ्याला तास सांगून द्यावे. आणि घरातल्या मुलांना, मुलींइतकेच मुलग्यांना, हे काम शिकवावे. पुतण्या गेल्या रविवारी माझ्या शेजारी बसून साखळी घालायला शिकला. अर्ध्या तासात त्याची चाळीस घरे झाली, काही घट्ट, काही सैल; बोट दुखते म्हणाला. काठाची पट्टी त्यानेच घालायची, असे आमचे ठरले आहे. सरकारला सांगायचे तर एवढेच, की १९९६ च्या त्या करारावर सही करा, आणि नगावर काम करणाऱ्या बाईचा दर ठरवताना तिच्या खोलीचे भाडे आणि विजेचे बिलही मजुरीत धरा.

या दिवाळीत भाऊबीजेला पुष्कळ तबकांत पाकिटे पडतील आणि पुष्कळ भावांच्या, भाच्यांच्या, पुतण्यांच्या हाती बहिणी, मावश्या, काकू हाताने केलेले काहीतरी ठेवतील : स्वेटर, टोपी, तोरण, करंज्यांचा डबा. पाकीट उघडून मोजले जाईलच. दुसऱ्या वस्तूकडे बघून 'वा, छान विरंगुळा आहे' असे म्हणायला ज्यांची जीभ उचलेल, त्यांनी आधी एवढे विचारावे : 'किती तास लागले?' उत्तर ऐकून घ्यावे, आणि मग जो शब्द सुचेल तो वापरावा.